पत्ते वाटणारीचे हात

आस्सीचं कुरण, ३ जून २०१२

प्रिय पेरिझात,

कुमिसचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, रिकामे डबे परत आणताना ट्रकवाल्या तुर्सुनने तुझं पत्र दिलं. इथे डोंगरावर फोन लागत नाही ते एका परीने बरंच आहे. फोनवर तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि एक अक्षर डोक्यात शिरत नाही. आता कागद हातात आहे. चार वेळा वाच.

तर कॅसिनोने तुला पोकरच्या टेबलावर पत्ते वाटायला घेतलं, ऑगस्टअखेरपर्यंत कच्ची नोकरी, मग पक्की. चांगलं झालं. तुझ्या आईला मी काही बोलले नाही. तू हॉटेलात चाव्या देतेस असंच तिला वाटू दे. मी अल्माटीत अकरा वर्षं हेच काम केलं, तेव्हा माझी ही सख्खी बहीण माझ्या हातचा चहा घेत नव्हती. पुढे सरकारने कॅसिनो शहराबाहेर काढले, मी ओराझशी लग्न करून डोंगरावर घोड्या दोहायला आले, तेव्हा कुठे मी तिच्या लेखी माणसात आले.

आता कामाचं. पोकर बसून वाटायचा असतो म्हणून नव्या पोरी खूश होतात. तू होऊ नकोस, वर्षभरात कंबर बोलायला लागते. पाठीशी छोटी उशी घे. नखं कापून टाक. चमकत्या खड्याची अंगठी घालू नकोस, खड्यात पत्त्याचं पोट दिसतं आणि समोरचे त्यासाठीच डोळे लावून बसलेले असतात. पत्ता हवेत उडवायचा नाही, टेबलाला घासत सरकवायचा. पिसण्याआधी सगळे पत्ते उपडे पसरून दोन्ही तळव्यांनी कणीक तिंबल्यासारखे मिसळ, मग पिस, मग काप. रोज त्याच क्रमाने. कॅमेऱ्यामागे बसलेल्या माणसाला पत्ता दिसत नाही, पण मोडलेला क्रम दिसतो. टेबलावरून उठताना टाळी वाजवून तळवे दाखवायचे, हातात काही नाही म्हणून. मी अजून जेवून उठताना दाखवते आणि ओराझ हसतो.

खेळणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. जिंकला त्याचं कौतुक नको आणि हरला त्याची कीव नको. आणि नात्यातलं कुणी तुझ्या टेबलावर बसलं, तर त्याच क्षणी वरच्या बाईंना सांगायचं. सांगितलं म्हणून कुणाची नोकरी जात नाही. लपवलं म्हणून जाते.

नोकरी पक्की झाली की कर्मचाऱ्यांच्या इमारतीत खोली, आणि खोली मिळाली की तुझी लेक इंजू तुझ्याकडे. एवढंच डोक्यात ठेव.

तुझी,
शिनारमावशी


कापचागाय, १५ जून

प्रिय मावशी, सलाम.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. ऐक.

टेबलाला नऊजण. माझ्या अगदी समोर एक पांढऱ्या दाढीचे आजोबा, मखमली टोपी, पाठ ताठ. वाटपाचं बटण, पाळी दाखवणारी ती गोल खूण, होतं दुसऱ्याच माणसासमोर, म्हणजे पहिला पत्ता त्याच्या डाव्या हाताच्या तरुणाला जायला हवा. हे मला झोपेतही पाठ आहे. पण माझ्या हाताने पत्ता उचलला आणि सरळ आजोबांसमोर नेऊन ठेवला! वर मी मानही झुकवली.

तो तरुण म्हणाला, "ताई, हा पोकर आहे, मेजवानी नाही. मानाचं मेंढीचं डोकं आजोबांना दे, पत्ता मला दे."

सगळं टेबल हसलं. आजोबा मात्र खूश. "असू दे रे," म्हणाले, "पोरीला वळण आहे. तुमच्या आयांनी तुम्हाला काय शिकवलं?"

मग आमच्या वरच्या बाई आल्या, वेरा पेत्रोव्ना त्सोय. कोरियन आहेत, बुटक्या, कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. त्यांनी सगळे पत्ते गोळा करायला लावले, डाव पहिल्यापासून. नंतर बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "इथे वडीलधारं बटण. दुसरं कुणी नाही."

आता रोज आरशासमोर वाटते. मनगटं सुजतात. दर अर्ध्या तासाने आम्ही एक टेबल सोडून पुढच्या टेबलावर सरकतो, खेळणारे जागच्या जागी. तेवढ्या चालण्यात मी बोटं मोडून घेते.

परवा शेलेकला जाऊन इंजूला भेटून आले. घटस्फोट झाल्याझाल्या आसेतने दुसरा संसार मांडलाय, पोरगी आजीकडेच. सासूबाई वाईट नाहीत, पण शब्दाच्या पक्क्या आहेत. म्हणाल्या, "पहिली तारीख सप्टेंबरची. तोवर तुझी नोकरी पक्की आणि डोक्यावर छप्पर असेल तर घेऊन जा. नाहीतर पोरीचं नाव इथल्या शाळेत घालते, आणि मग वर्षभर हलवायची नाही." इंजूने मला विचारलं, "तुझ्या कामाच्या जागी खिडकी आहे का?" कॅसिनोला एकही खिडकी नाही, मावशी. मी आहे म्हणून सांगितलं.

तुझी,
पेरिझात


आस्सीचं कुरण, २५ जून

प्रिय पेरिझात,

पत्र वाचून मी एवढी हसले की दुधाची बादली लवंडली. घोडी बिचकली, ओराझ धावत आला, त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्या आजोबांच्या जागी मी असतो तर पोरीला दुवा दिली असती.

यात लाज कसली? तुझा हात जन्मापासून चहा ओततोय. पहिला पेला थोरल्याला, दुसरा त्याच्या खालच्याला, यावर आपल्या घरात पोरींनी मार खाल्लाय. तो हात दोन महिन्यांच्या शिकवणीत कसा विसरेल? वाटायला लागण्याआधी बटणाकडे बोट कर आणि मनात म्हण, "बसा आजोबा." मग बरोबर जाईल.

पण दुसरी गोष्ट नीट ऐक. चूक होणार. मला नऊ वर्षांनंतरही होत होती. चूक झाली की हात टेबलावर तसेच ठेव आणि वरच्या बाईंना हाक मार. स्वतः निस्तरायला जाऊ नकोस. पत्ता झाक, पत्ता मागे घे, कुणाला डोळ्याने विनव, यातलं काही नाही. चुकीला समज मिळते. निस्तरायला गेलीस तर दार दाखवतात.

आणि टेबलावर जे पाहिलंस ते टेबलावर सोड. कुणाला बोललीस तर शिनारची भाची म्हणवून घेऊ नकोस. आमच्या दारात रोज एखादी बायको उभी असायची. "माझा नवरा आत आहे का, किती हरला?" मी तोंडात मिठाची गुळणी धरायचे. एक बाई माझ्या पाया पडली होती. तरी नाही बोलले. ते बरोबर होतं की नाही, याचा विचार मी डोंगरावर आल्यावर करायला लागले. तू आत्ता करू नकोस.

ओराझ पुढच्या आठवड्यात तुर्सुनच्या ट्रकमधून तिकडे येतोय. तीन घोड्यांना गिऱ्हाईक मिळालंय. विकतोय कशाला, सांगत नाही, पैसे बँकेत ठेवणार म्हणतो. माझे गुडघे दुखतात म्हणून गुपचूप खाली घर बघतोय असा मला संशय आहे. मीही विचारत नाही. त्याच्याबरोबर तुझ्यासाठी कुर्त पाठवतेय, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, खारट केल्यात, पाळीवर जाताना एक गोळी गालात ठेव.

शिनारमावशी


कापचागाय, ६ जुलै

ओराझकाका, सलाम.

हे पत्र तुर्सुनने फक्त तुमच्याच हातात द्यायचं, असं मी त्याला बजावलंय.

कुर्तची पिशवी तुम्ही दारवानाकडे ठेवलीत, ती मिळाली. दारवानाकडे ठेवलीत आणि मग परत जायचं सोडून आत आलात. मी तिसऱ्या टेबलावर सरकले तर कोपऱ्यातल्या खुर्चीत तुम्ही. मला पाहून टोपी डोळ्यांवर ओढलीत. मीही खाली मान घातली आणि तुम्हाला परक्यासारखे पत्ते वाटले. माझ्या आयुष्यात इतका लांब अर्धा तास गेला नाही.

नात्यातलं माणूस टेबलावर बसलं तर लगेच सांगायचं, असा इथे नियम आहे. मी सांगितलं नाही. सांगितलं तर ते मावशीपर्यंत जाईल असं वाटून माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे तुमच्यासाठी मी नियम मोडलाय. कळलं तर ऑगस्टअखेर पक्की नोकरी नाही, खोली नाही, आणि इंजू शेलेकलाच राहील.

काका, माझ्या घटस्फोटाच्या वेळी तुम्ही माझ्या वडिलांच्या जागी उभे राहिलात. मी तुम्हाला शिकवायची नाही. पण परत येऊ नका. तुम्ही डावावर लावताय त्या मावशीने दोहलेल्या घोड्या आहेत.

तुमची,
पेरिझात


आस्सीचं कुरण, ११ जुलै

बाळ पेरिझात,

मला पत्र लिहायची सवय नाही. शाळा सुटल्यापासून शिंगरांच्या नावांपलीकडे काही लिहिलं नाही.

बाहेर ऊन फार होतं. आत गार होतं म्हणून गेलो. आधी नुसता बघत होतो. मग बसलो. पहिल्या दिवशी जिंकलो, तू यायच्या आधी. शिनारचे गुडघे गेलेत. सकाळी उठताना ती तंबूच्या खांबाला धरते, मला दिसतं. ताल्गारला दोन खोल्यांचं घर आहे, मागे सफरचंदाची झाडं. घोड्यांच्या पैशात एक खोली होते. दुसरी कुठून आणू?

तुझ्या टेबलावर मी बसणार नाही, शब्द देतो. तू शिनारला कळवू नकोस.

ओराझ


कापचागाय, १९ जुलै

प्रिय मावशी, सलाम.

काम आता हाताला लागलंय. परवा वेरा पेत्रोव्ना माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. इथे हीच शाबासकी.

कुर्त संपत आलं. सगळ्या पोरी मागतात.

एक विचारायचं होतं, सहज. समज एखादा माणूस माझ्या टेबलावर येतो, आणि त्याचं घर मला माहीत आहे. त्या घरात कुणाच्या कष्टाचं काय आहे तेही माहीत आहे. त्याने परत येणार नाही असं सांगितलंय. तरी माझ्या मनाला चैन नाही. अशा वेळी तोंड उघडावं का? तू तेव्हा त्या बाईला काहीच सांगितलं नाहीस म्हणालीस. आज ती तुझ्या ओळखीची असती तर?

उत्तर लगेच नको. पण दे.

पेरिझात


आस्सीचं कुरण, २७ जुलै

पेरिझात,

"सहज" म्हणे! मला काय वेडी समजतेस? तो आसेत तुझ्या टेबलावर येतोय ना? नव्या बायकोचा हुंडा उडवायला! आणि तुला त्याची कीव येतेय, कारण इंजू त्याची पोर आहे. त्या मेल्याला खेटर दाखव. आजच्या आज वेरा पेत्रोव्नाला सांग की हा माझा पहिला नवरा आहे, याच्या टेबलावर मला पाठवू नका. तुझी नोकरी त्याच्यापायी टांगणीला लावू नकोस. घटस्फोट झाला म्हणून नातं कागदावरून जातं, कॅसिनोच्या नियमातून नाही.

आणि त्याच्या बायकोला सांगायचं का, म्हणशील तर नाही. तिचा संसार ती बघेल.

राहता राहिली माझ्या ओळखीची बाई. अवघड विचारलंस. आज सांगितलं असतं, असं वाटतं. पण मी आज पत्ते वाटत नाही, त्यामुळे माझ्या वाटण्याला काय अर्थ?

इकडचं बरं आहे. ओराझ उरलेल्या चार दुभत्या घोड्यांनाही गिऱ्हाईक बघतोय. मी म्हटलं, मग मी दोहू काय, तुला? तर हसला आणि म्हणाला, या हिवाळ्यापासून तुला दोहायची गरज पडणार नाही. मी मनातून इतकी सुखावले की रागवायचंच विसरले. घराची बातमी मला माहीत नाही असं दाखवून राहायचं, तूही दाखव.

शिनारमावशी


कापचागाय बसस्थानक, ९ ऑगस्ट

बाळ पेरिझात,

बसच्या तिकिटामागे लिहितोय. इथल्या चहावालीकडे देऊन जातो.

कालचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या हातात तसंही काही नव्हतं, दोन फालतू पत्ते होते. मी त्या बाईंना सांगितलंय की पत्ते मीच टाकले होते. ते तसंच राहू दे. तू गप्प राहा, तुझी नोकरी पक्की होऊ दे, पोरीला घेऊन ये.

शिनारला मीच सांगेन. वेळ बघून.

ओराझ


कापचागाय, १४ ऑगस्ट

मावशी,

आसेत नव्हे. ओराझकाका.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. जुलैत काका तीन घोड्या विकून माझ्या टेबलावर बसले, ते पैसे इथेच गेले. मी लपवलं, तुझ्यापासून आणि इथल्यांपासूनही. त्यांना पत्र लिहिलं, त्यांनी माझ्या टेबलावर न बसण्याचा शब्द दिला. तो त्यांनी पाळलाही. पण इथे खेळणारे बसून असतात आणि आम्ही सरकतो. ८ तारखेला माझी सरकायची वेळ झाली आणि पुढचं टेबल काकांचं निघालं. या वेळी ते अगदी माझ्या उजव्या हाताशी बसले होते. मी तेव्हाच हाक मारायला हवी होती. म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.

शेवटच्या डावात दोघंच उरले, काका आणि अल्माटीचा एक मोटारींचा व्यापारी. काकांनी समोरच्या सगळ्या चकत्या मध्ये ढकलल्या. चारही घोड्यांचे पैसे होते त्यात. व्यापाऱ्यानेही तेवढ्याच टाकल्या. मी दोघांच्या सामाईक पत्त्यांतला शेवटचा उघडला. बदामाची राणी.

काकांनी डोळे मिटले. त्यांनी आपले पत्ते टेबलावर उपडे ठेवले, दोन्ही तळवे वर घेतले आणि तोंडावरून खाली फिरवले. "ओमिन."

आणि मी त्यांचे पत्ते उचलले.

तुला सांगायला नको, मावशी. घरातल्या थोरल्याने दुवा मागून तोंडावरून हात फिरवला की जेवण संपलं. मग सुनेने क्षणभर थांबायचं नसतं, दस्तरखानावरून ताटं उचलायची. आसेतच्या घरी सहा वर्षं मी तेच केलं. माझ्या हाताने ताट उचललं. टाकलेल्या पत्त्यांवर ठेवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते ताट नव्हतं. ढिगाला गेलेला पत्ता मेला. व्यापाऱ्याने दोन जोड्या दाखवल्या आणि दोन्ही हातांनी चकत्या ओढल्या.

मी हाक मारली, तुझ्या सांगण्याप्रमाणे. वेरा पेत्रोव्नांनी काकांना विचारलं, "तुम्ही पत्ते टाकले होते का?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "हो. मीच टाकले."

"सगळ्या चकत्या लावून मग टाकले?"

"म्हातारा माणूस आहे. लहर आली."

बाईंनी ढिगावरचे वरचे दोन पत्ते उलटले. इस्पिकची राणी, किलवरची राणी. बदामाचीसकट तीन, दोन जोड्यांना भारी. काका उठले, मला म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, पोरी," आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला त्यांची चिठ्ठी मिळाली, हातात फालतू पत्ते होते म्हणून. मी राण्या पाहिल्यात हे त्यांना माहीत होतं, तरी लिहिलं. ती चिठ्ठी वाचून मी रडले, मावशी.

तीन दिवस मी गप्प बसले. काकांची इच्छा तीच होती. पण रात्री झोप लागेना. चौथ्या दिवशी वेरा पेत्रोव्नांकडे जाऊन सांगितलं, ते माझे काका आहेत, आणि त्यांनी पत्ते टाकले नव्हते.

त्या म्हणाल्या, "टाकले नव्हते हे मला माहीत आहे. मी उश्तोबेला कझाखांच्या गल्लीत वाढले. कॅमेऱ्यात पाहिलं आणि कळलं. त्या खुर्चीशी कुणाचीही सून असती तरी तिने ताट उचललं असतं. पण आपले पत्ते आपण राखायचे, हा खेळणाऱ्याचा नियम. त्याचा डाव गेला तो गेला." मग चष्मा काढला. "काका आहेत हे मात्र तू जुलैत सांगायला हवं होतंस."

नोकरी गेली नाही. कच्ची मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवली. तोपर्यंत खोली नाही. सासूबाईंना मी अजून कळवलेलं नाही. कळवून काय होणार, त्यांनी अट आधीच सांगितली आहे.

तुझ्या सातही घोड्या गेल्या, त्यातल्या चार माझ्या हातून. तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

पेरिझात


कापचागाय, २५ ऑगस्ट

पेरिझात,

हे पत्र कापचागायहून आहे, बघितलंस का? तुझ्या पाळीला अजून चार तास आहेत आणि दारवान मला आत सोडत नाही, म्हणून त्याच्याकडेच ठेवतेय. भेटल्यावर मी ओरडेन किंवा रडेन, आणि सांगायचं ते राहून जाईल.

तुझं पत्र वाचलं तेव्हा ओराझ बाहेर खोगीर शिवत बसला होता. मी विचारलं, "तीन राण्या?" त्याच्या हातातला दाभण थांबला. म्हणाला, "तीन." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जे तोंडाला येईल ते बोलले. माझ्या घोड्या! काळीला तर मी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. घर हवं होतं कुणाला? मी एकदा तरी मागितलं होतं का? त्याने खोगीर बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाला, "तो डाव जिंकलो असतो तर घर झालं असतं."

मी म्हटलं, "तो डाव जिंकला असतास तर पुढच्या आठवड्यात घोडाही विकला असतास. मी अकरा वर्षं तुझ्यासारखे पाहिलेत. तुझं जेवण झालं होतं, पोरीने ताट उचललं."

तुझ्यावर मी रागावलेली नाही असं नाही. जुलैत सांगितलं असतंस तर चार घोड्या वाचल्या असत्या. पण तुला गप्प राहा म्हणून मीच दटावलं होतं, आणि आता कुणाला किती रागवायचं याची वाटणी मला जमत नाही. तेव्हा ते सोड. कामाचं ऐक.

मी तुर्सुनच्या ट्रकमधून निघाले ते आधी शेलेकला उतरले. तुझ्या सासूबाईंनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, कॅसिनोसकट. बाईंनी माझा पेला पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "माझा प्रश्न एकच. आईची पाळी रात्रीची, तेव्हा पोरगी कुणाजवळ झोपणार?"

"माझ्याजवळ."

"तुमचं बिऱ्हाड डोंगरावर आहे ना?"

"होतं. दोहायला एक घोडी राहिली नाही, बाई. मी रिकामी आहे."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग आत जाऊन इंजूचे कपडे बांधायला लागल्या. एकेक फ्रॉक दोनदा घडी करत होत्या, मला दिसलं. सहा वर्षं पोरीला त्यांनी वाढवलंय, हे विसरू नकोस. दर रविवारी इंजूला तिकडे न्यायचं, हे मी कबूल केलंय, आणि तू ते पाळायचं आहेस.

माझ्याबरोबर अल्माटीत पत्ते वाटायची ती रोझा आठवते? तिचं इथे बाजारात पावाचं दुकान आहे, मागे एक खोली. शाळेच्या वेळात मी दुकानात बसायचं, भाडं नाही. पलंग एकच आहे, तुझं अंथरूण खाली. इंजू आत्ता रोझाच्या भट्टीजवळ बसून गरम पाव खातेय. पांढऱ्या रिबिनी आण, मोठ्या, शाळेच्या पहिल्या दिवसासाठी. इथे दुकानात दोनच उरल्यात आणि त्या मळक्या आहेत.

ओराझ वर आहे, शिंगरांजवळ. आपला चहा आपण ओतून पितो आहे.

शिनारमावशी


कापचागाय, ३ सप्टेंबर

ओराझकाका, सलाम.

इंजू शाळेत गेली. पहिल्या दिवशी दारात रडली नाही. मी रडले, मावशीने मला कोपर मारलं. वर्गाच्या बाईंनी पोरींना विचारलं, घरी कोण कोण आहे? इंजूने सांगितलं, "आई आहे, मावशीआजी आहे, आणि एक आजोबा घोड्यांबरोबर आहेत, ते नंतर येणार आहेत." हे तिला कुणी शिकवलं मला माहीत नाही. मावशीला विचारलं तर ती पाव मोजायला लागली.

ती अजून रागात आहे. तुमचं नाव निघालं की भांडी आपटते. पण काल थंडी पडली तेव्हा तिने तुर्सुनला थांबवून विचारलं, ओराझने लोकरीची बंडी घातली होती का? आणि तुमच्यासाठी ही पावांची पिशवी दिली. मी दिली असं सांगायला सांगितलंय. मी दिलेली नाही.

त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी सगळं सोडून उठलात, ते मी विसरणार नाही. आणि तुम्ही तिथे बसला होतात, तेही नाही. दोन्ही माझ्याजवळ आहेत.

कुरणावरून उतरलात की इकडे या. माझी पाळी सहाला सुरू होते, पण कॅसिनोपाशी थांबू नका. बाजारात रोझाच्या दुकानामागे हिरवं दार आहे. मावशी लगेच उघडणार नाही, तरी वाजवत राहा.

तुमची,
पेरिझात